नव्या पंतप्रधानाने लगेच निवडणूक घ्यावी का?

पाचपाखाडीकर · शनिवार, सकाळी ८:१०

ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्षाने मध्येच पंतप्रधान बदलला की दुसऱ्या दिवसापासून एकच घोषा सुरू होतो: याला निवडून कोणी दिलं? आधी लोकांसमोर जा. ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत या आठवड्यात यावरून चांगलीच जुंपली. निम्म्यांना ही मागणी रास्त वाटते, निम्म्यांच्या मते संसदीय पद्धत न कळल्याचं ते लक्षण आहे. तिथे काही निकाल लागला नाही, म्हणून धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. माणूस बदलला एवढ्यावरून निवडणूक घ्यायची गरज नाही. पण नवा माणूस ज्या जाहीरनाम्यावर पक्ष निवडून आला त्याच्या उलट कारभार करणार असेल, तर त्याने आधी कौल घ्यायलाच हवा. आणि केवळ हवा आपल्या बाजूची आहे म्हणून निवडणूक लावणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

तिथला मतदार आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो आणि सभागृहाचं बहुमत ज्याच्यामागे तो पंतप्रधान. आपल्या राज्यघटनेतल्या कलम ७५(३) चं तत्त्वही हेच, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. १९४५ नंतर तिथे मुदतीच्या मध्ये आलेल्यांची रांग बरीच मोठी आहे. ईडन, मॅकमिलन, डग्लस-ह्यूम, कॅलहॅन, मेजर, ब्राउन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक. यातल्या एकट्या ईडन यांनी लगेच निवडणूक घेतली. ६ एप्रिल १९५५ ला पंतप्रधान झाले, २६ मे ला मतदान झालं आणि बहुमत वाढलं. मॅकमिलन जानेवारी १९५७ ते ऑक्टोबर १९५९ थांबले आणि जिंकले. मेजर नोव्हेंबर १९९० मध्ये आले, एप्रिल १९९२ पर्यंत थांबले, तेही जिंकले. म्हणजे थांबल्याने लोकशाही बुडाली असं काही झालेलं नाही.

नेरुळकर अनघा · शनिवार, सकाळी ९:३५

काका, विषय चांगला काढलात. मी काही वर्षं लेस्टरला होते, तेव्हा तिथलं थोडं सांगते. आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं की राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक तिथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं. भारतीय पासपोर्ट आणि कामाचा व्हिसा असूनही मी १२ डिसेंबर २०१९ ला मत दिलं. गुरुवार होता, सुट्टी वगैरे काही नाही. चार वाजताच अंधार पडलेला. ऑफिस सुटल्यावर शाळेच्या हॉलमध्ये गेले, मतदान रात्री दहापर्यंत चालू असतं. लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली शिसपेन्सिल, कागदाची मतपत्रिका, नावासमोर फुली. बोटाला शाई नाही, यंत्र नाही.

जॉन्सन जुलैत आले होते आणि डिसेंबरात निवडणूक. ३६५ जागा मिळाल्या. ब्रेक्झिटवर संसद इतकी अडून बसली होती की माझ्या ऑफिसातले मजूर पक्षाचे समर्थकही म्हणायचे, होऊन जाऊ दे एकदाचं. अशा कोंडीत लोकांकडे जाणं मला योग्यच वाटलं.

२०२२ चं मात्र मला अजून पटत नाही. लिझ ट्रस यांना सत्ताधारी हुजूर पक्षाच्या सदस्यांची ८१,३२६ मतं मिळाली, सुनक यांना ६०,३९९. एवढ्या लोकांनी मिळून देशाचा पंतप्रधान ठरवला. त्या बाईंनी २३ सप्टेंबरला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार याचा पत्ता नाही. सरकारी रोखे कोसळले, बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. माझ्या मैत्रिणीला घरकर्जाचा जो व्याजदर देऊ केला होता तो तिच्या बँकेने आठवड्याभरात मागे घेतला. तिने त्यासाठी कोणाला मत दिलं होतं? कोणालाच नाही. आणि ट्रस गेल्यावर सुनक आले ते बिनविरोध, तेव्हा तर पक्षसदस्यांनीही मत दिलं नाही.

घंटाळी रोड · शनिवार, दुपारी १२:२०

पाचपाखाडीकर, असहमत. कायद्यात काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्यक्षात मत चेहऱ्याला पडतं, तिथेही आणि इथेही. प्रचारात फलकावर नेत्याचा फोटो, सभा नेत्याची, वाहिन्यांवर वादविवाद नेत्यांचे. मग मत मिळाल्यावर अचानक 'तुम्ही खासदार निवडला होता' असं मतदाराला सांगणं ही फसवणूक आहे.

माझ्या मते नवा पंतप्रधान आला की वर्षाच्या आत निवडणूक असा नियमच करावा. आपल्याकडे एखादा मंत्री सभागृहाचा सदस्य नसेल तर त्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, कलम ७५(५). साध्या राज्यमंत्र्याला ही अट आणि अख्ख्या देशाची धुरा नव्याने घेणाऱ्याला काहीच नाही, हे मला पटत नाही.

वाशी सेक्टर १७ · शनिवार, दुपारी २:०५

नैतिक बाजू आहेच, पण व्यवहार बघा. जो थांबतो तो बहुतेक वेळा पस्तावतो.

जेम्स कॅलहॅन १९७६ च्या एप्रिलमध्ये आले. १९७८ च्या शरदात निवडणूक होणार असं सगळे धरून चालले होते. सप्टेंबरमध्ये कामगार संघटनांच्या परिषदेत त्यांनी व्यासपीठावरून चक्क एक जुनं गाणं म्हणून दाखवलं आणि दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की इतक्यात निवडणूक नाही. पगारवाढीवर ५ टक्क्यांची मर्यादा घालून हिवाळा काढू असा त्यांचा हिशेब होता. त्या हिवाळ्यात मालवाहतूकदारांपासून कचरा उचलणाऱ्यांपर्यंत सगळे संपावर गेले, लिव्हरपूलमध्ये कबरी खोदणारेही. २८ मार्च १९७९ ला अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मताने मंजूर झाला. मजूर पक्षाचे एक खासदार मरणासन्न होते, त्यांना रुग्णवाहिकेतून आणायचं की नाही यावर खल झाला आणि शेवटी आणलं नाही. मे महिन्यात थॅचर आल्या आणि मजूर पक्ष १८ वर्षं सत्तेबाहेर राहिला.

गॉर्डन ब्राउन यांचंही तेच. जून २००७ मध्ये आले, जनमत पाहण्यांत आघाडी होती, त्यांच्याच लोकांनी निवडणुकीची चर्चा उठवली. विरोधातल्या हुजूर पक्षाच्या अधिवेशनात त्यांचे अर्थविषयक प्रवक्ते ऑस्बोर्न यांनी वारसा कराची मर्यादा १० लाख पौंडांवर नेण्याची घोषणा केली, पाहण्या फिरल्या आणि ६ ऑक्टोबरला ब्राउन मागे हटले. पुढच्या वर्षी आर्थिक संकट आलं. २०१० ला २५८ जागा. स्वतःचा असा कौल त्यांना कधीच मिळाला नाही.

खारीगाव · शनिवार, दुपारी ४:४०

वाशी, थांबलेले आठवतात तसे घाई केलेलेही आठवा. टेरेसा मे यांच्याकडे बहुमत होतं. काठावरचं, पण होतं. एप्रिल २०१७ मध्ये पाहण्यांत प्रचंड आघाडी दिसली म्हणून त्यांनी ८ जूनची निवडणूक लावली. मध्येच वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाबद्दल जाहीरनाम्यात असं काही लिहिलं की स्वतःचेच मतदार बिथरले. ३१७ जागा, बहुमत गेलं, उत्तर आयर्लंडच्या छोट्या पक्षाच्या कुबड्या घ्याव्या लागल्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच.

कॅनडाची दोन उदाहरणं तर शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. जॉन टर्नर ३० जून १९८४ ला पंतप्रधान झाले, ९ जुलैला निवडणूक जाहीर केली. मार्क कार्नी १४ मार्च २०२५ ला झाले, २३ मार्चला जाहीर केली. दोघेही लिबरल, दोघेही शपथेनंतर नवव्या दिवशी, दोघांपैकी कोणीच तेव्हा खासदारही नव्हता. टर्नर ४० जागांवर आले. कार्नी १६९ वर जाऊन सरकार राखून बसले. फरक मुहूर्ताचा नव्हता. टर्नर यांनी आदल्या पंतप्रधानांनी जाता जाता केलेल्या राजकीय नेमणुका गळ्यात बांधून घेतल्या आणि भर वादविवादात त्यावरून मार खाल्ला. कार्नी यांच्यासमोर अमेरिकेच्या आयात शुल्काचा प्रश्न होता आणि लोकांना तेव्हा कोणीतरी अधिकाराने बोलणारा हवा होता. जपानमध्ये इशिबा यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये असंच शपथेनंतर लगेच सभागृह विसर्जित केलं आणि युतीचं बहुमत गमावलं.

म्हणजे लवकर घ्या किंवा उशिरा घ्या, याला सूत्र नाही.

पाचपाखाडीकर · शनिवार, रात्री ९:१५

खारीगाव यांचा प्रतिसाद आवडला. पण मी फायद्यातोट्याचा हिशेब विचारत नाहीये. वाशी म्हणतात कॅलहॅन पस्तावले. पस्तावले असतील, पण मुदतीपर्यंत कारभार करणं हे काही पाप नव्हतं. पंतप्रधानाला निवडणुकीची तारीख ठरवायला दिलेली असते ती देशाच्या सोयीसाठी, पक्षाला सोयीचा आठवडा शोधण्यासाठी नव्हे.

अनघाताईंनी ट्रस यांचं दिलेलं उदाहरण मला नेमकं वाटतं. २०१९ च्या जाहीरनाम्यात खडक फोडून वायू काढण्याला स्थगिती होती, ट्रस यांनी ती आल्या आल्या उठवली. करकपातही त्यात नव्हती. तिथे निवडणूक मागणारे लोक बरोबर होते. सुनक यांनी तो कार्यक्रम बराचसा मागे घेतला, पण तोवर विश्वास उडाला होता. ४ जुलै २०२४ ला पक्ष ३६५ वरून १२१ वर आला.

तलावपाळी · रविवार, सकाळी ७:५०

काका, तुमच्याच कसोटीवर मेजर कसे उतरतात? समुदाय कर, ज्याला लोक पोल टॅक्स म्हणायचे, हा थॅचरबाईंच्या १९८७ च्या जाहीरनाम्यात होता. त्यावर लोकांनी बहुमत दिलं होतं. मेजर यांनी तो मोडीत काढायचा निर्णय मार्च १९९१ मध्ये जाहीर केला, म्हणजे निवडणुकीच्या वर्षभर आधी. जाहीरनाम्याच्या उलट कारभार झाला की नाही? आणि देशाने सुटकेचा श्वास सोडला. तुमचा नियम पाळला असता तर एक अन्याय्य कर रद्द करायलाही आधी निवडणूक लागली असती.

पाचपाखाडीकर · रविवार, सकाळी १०:३०

मुद्दा जबरदस्त आहे. यावर माझं उत्तर असं. घोषणा १९९१ ची आणि कायदाही निवडणुकीच्या थोडा आधी मंजूर झाला, हे खरं. पण नवा कौन्सिल टॅक्स प्रत्यक्षात लागू झाला तो १ एप्रिल १९९३ ला, एप्रिल १९९२ च्या निवडणुकीनंतर. म्हणजे मतदारासमोर दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, त्याने कौल दिला आणि मग बदल त्याच्या दारात आला. दुसरा पक्ष निवडून आला असता तर त्याला तो फिरवता आला असता. ट्रस यांच्या निर्णयांनी लोकांना तेवढी उसंतच दिली नाही. मला क्रम महत्त्वाचा वाटतो, आधी विचारा आणि मग लावा. मेजर यांनी तो क्रम पाळला.

कळव्याची शिक्षिका · रविवार, दुपारी १:१०

सगळे नेत्यांबद्दल बोलताय. निवडणूक प्रत्यक्षात कोण पार पाडतं त्याबद्दलही लिहिते, कारण 'घ्या की निवडणूक' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

लोकसभेला आपल्या ठाण्यात मतदान २० मे २०२४ ला होतं. आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटप केंद्रावर रांग. यंत्र, व्हीव्हीपॅट, मतदार यादी, शाईची बाटली, पाकिटांचा गठ्ठा, सगळं यादीशी ताडून घ्यायचं. मग बसने केंद्रावर. मेचा उकाडा, वर्गात एक पंखा. पहाटे साडेपाचला पोलिंग एजंटांसमोर अभिरूप मतदान (मॉक पोल), किमान ५० मतं टाकायची, आकडे जुळवायचे, ती मतं यंत्रातून पुसायची आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. ती मतं पुसायची राहिली तर पुढचा सगळा दिवस वाया. मी केंद्राध्यक्ष होते. संध्याकाळी 'क्लोज'चं बटण दाबल्यावर १७ सी (झालेल्या मतांच्या नोंदीचा फॉर्म) च्या प्रती एजंटांना द्यायच्या, त्यावर त्यांच्या सह्या, प्रत्येक सीलवर सह्या, आणि मग साहित्य जमा करायला पुन्हा रांग. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. सहाच महिन्यांत, २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी हेच परत.

२०२४ च्या लोकसभेला देशात साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रं होती आणि १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे. या काळात वर्गात मुलांना कोण शिकवतं? यादीचं काम करणारे बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, तर वर्षभर त्यातच असतात. ब्रिटनमध्ये घोषणेनंतर महिना-सव्वा महिन्यात एका दिवसात सगळं आटोपतं. त्यांच्याकडे पंतप्रधानाला निवडणूक घ्यावीशी वाटली तर देशाला ते झेपतं. घंटाळी रोड यांचा वर्षाच्या आतला नियम आपल्याकडे आणायचा विचार कोणी करत असेल, तर त्याने आधी एकदा केंद्राध्यक्षाचं काम करून बघावं, ही मनापासून विनंती.

घंटाळी रोड · रविवार, दुपारी ३:००

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे आणि शिक्षकांवरचा भार कमी व्हायलाच हवा. त्यासाठी वेगळे कर्मचारी नेमता येतात. पण यंत्रणा थकते म्हणून मतदाराला विचारायचं नाही, हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. तोच युक्तिवाद पुढे नेला तर निवडणूकच नको असं म्हणता येईल. आपल्याच परिसरात बघा. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. गटार तुंबलं तर दार ठोठवायला नगरसेवक नव्हता, अर्ज करायचा आणि वाट बघायची. लवकर निवडणुकीने लोकांचं नुकसान होतं म्हणता, न झालेल्या निवडणुकीने किती होतं ते आपण भोगलंय.

ऐरोली खाडीपूल · रविवार, संध्याकाळी ६:२५

घंटाळी रोड यांच्या शेवटच्या दोन ओळींना पूर्ण अनुमोदन.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण कसं कोणी काढलं नाही? १ फेब्रुवारी १९९९ ला मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे मुख्यमंत्री झाले. विधानसभेची मुदत मार्च २००० पर्यंत होती. वाजपेयी सरकार १७ एप्रिलला २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, लोकसभेची निवडणूक लागली, जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी निघाली. समोरचा पक्ष दुभंगलाय, आत्ताच घ्या, असा हिशेब करून युतीने सहा महिने आधीच विधानसभा विसर्जित केली. शिवसेना ६९, भाजप ५६. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. निकालानंतर ते दोघे एकत्र आले आणि विलासराव मुख्यमंत्री झाले. त्याच वेळी केंद्रात मात्र वाजपेयी जिंकले. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, त्याच मतदाराने दोन वेगळे निर्णय घेतले. ज्याचं सरकार पाडलं गेलं त्याला सहानुभूती, ज्याने स्वतःहून मोडलं त्याला नाही, असं मी त्याचं वाचन करतो.

बेलापूर किल्ला · रविवार, रात्री ८:५०

पंतप्रधानाने मागितली की विसर्जन मिळालंच पाहिजे का, हाही प्रश्न आहे. चरणसिंग २८ जुलै १९७९ ला पंतप्रधान झाले आणि २० ऑगस्टला लोकसभेला सामोरं न जाताच राजीनामा देऊन निवडणुकीचा सल्ला दिला. जगजीवनराम बहुमताचा दावा करत असताना राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी २२ ऑगस्टला सभागृह विसर्जित केलं. ज्याने एकदाही सभागृहाचा विश्वास मिळवला नाही, त्याच्या सल्ल्याने सभागृह गेलं. ब्रिटनमध्ये १९५० पासून संकेत सांगितला जातो की संसद नीट चालत असेल, निवडणुकीने अर्थव्यवस्थेला धक्का बसणार असेल आणि दुसरा कोणी बहुमताने सरकार चालवू शकत असेल, तर राजा नकार देऊ शकतो. २०११ च्या कायद्याने हा सगळा अधिकार काढून पाच वर्षं ठरवून दिली होती, लवकर निवडणुकीला दोन तृतीयांश खासदार हवेत. पण मे यांना ते ५२२ विरुद्ध १३ असे सहज मिळाले, जॉन्सन यांना मिळेनात तेव्हा त्यांनी साध्या बहुमताने वेगळा कायदाच करून घेतला. २०२२ मध्ये तो २०११ चा कायदा रद्द झाला.

आता आपल्याकडचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक बघा, डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेलं. त्यानुसार लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली तर नव्या लोकसभेला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, उरलेला काळच मिळतो. हवा बघून निवडणूक लावण्याचा मोह त्याने संपेल.

पाचपाखाडीकर · रविवार, रात्री १०:०५

मोह संपेल, पण त्याबरोबर प्रामाणिकपणाही संपेल, याची मला खरी काळजी वाटते. समजा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नवा पंतप्रधान आला. त्याला धोरण बदलायचंय आणि त्यासाठी लोकांचा कौल घ्यावा असं त्याला मनापासून वाटतं. तो निवडणूक घेईल, जिंकेल आणि त्याला मिळतील दोन वर्षं. न घेता बसून राहिला तरी दोनच वर्षं. मग कोण जाईल लोकांकडे? माझ्या मते अशा विधेयकात निदान एवढं तरी हवं की नेता बदलला तर नव्या नेत्याने सभागृहात आपला कार्यक्रम लेखी मांडून त्यावर नव्याने विश्वासमत घ्यावं. निवडणुकीइतकं ते मोठं नाही, पण खासदाराला नाव घालून 'हो' म्हणावं लागेल.

घंटाळी रोड · रविवार, रात्री १०:४०

लेखी कार्यक्रम आणि विश्वासमत, हे मान्य. वर्षाच्या आत निवडणूक, यावरही मी ठाम आहे.

घणसोली · सोमवार, सकाळी ८:२०

अनघाताई, एक विचारायचं होतं. माझी मुलगी बर्मिंगहॅमला एम.एस्सी. करतेय, विद्यार्थी व्हिसावर. तिलाही मत देता येईल?

नेरुळकर अनघा · सोमवार, सकाळी ९:०५

हो, येईल. भारत राष्ट्रकुलात आहे, वय १८ पूर्ण आणि व्हिसा वैध एवढं पुरे. ऑनलाइन नोंदणी होते, विद्यापीठाच्या वसतिगृहाचा पत्ता चालतो. केंद्रावर आता फोटो ओळखपत्र लागतं, त्यात आपला भारतीय पासपोर्टही चालतो. फक्त नोंदणी आजच करायला सांगा. मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी यादी बंद होते, आणि एखाद्या पंतप्रधानाने अचानक तारीख जाहीर केली की परीक्षेच्या गडबडीत ते राहून जातं. माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीचं २०१७ ला तसंच झालं होतं.

घणसोली · सोमवार, सकाळी ९:२०

धन्यवाद ताई. तिला लगेच कळवतो.